स्ट्रेचरच्या गादीतली सुई

१९ जानेवारी. सकाळी कारखान्याच्या दवाखान्यामागच्या नळाजवळ अँब्युलन्स उभी होती आणि मी स्ट्रेचर धूत होते. गादीवर रक्त बरंच सांडलं होतं. आधी ब्लीचच्या पाण्यानं पुसून घेतलं, मग गादी उलटी करावी म्हणून कडेखाली हात घातला, आणि मधल्या बोटात काहीतरी कचकन घुसलं.

हातमोजे घातलेले होते. पण रबरी हातमोजा रक्त अडवतो, सुई अडवत नाही. वाकून पाहिलं तर गादीच्या शिवणीत सलाईन लावायची सुई खोचलेली. जाड, पोकळ, आणि आत रक्त. वीसेक वर्षं या कामात आहे, त्यामुळे मला कुणी निदान सांगायची गरज नव्हती. मी सिस्टरची पेशंट झाले होते.

मी कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात नर्स आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या, कोयते आणि रस्त्यावरची गर्दी यांच्यामुळे आमच्या अँब्युलन्सला उसंत नसते. हे लिहिते आहे ते माझ्यासारख्यांसाठी. अँब्युलन्सवरचे, अग्निशामक बंबावरचे, गेटवरचे वॉचमन, क्रेनवाले. अपघात झाला की डॉक्टरांच्या आधी ज्यांचे हात रक्ताला लागतात, ते सगळे.

त्या दिवशी पहाटे धुकं होतं. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागे लाल कापड नव्हतं की दिवा नव्हता, आणि एक मोटारसायकलवाला थेट तिच्यावर जाऊन आदळला. मांडी फाटली होती, पाय मोडला होता. चालत्या गाडीत मी त्याला सलाईन लावलं. यात सुई शिरेत घालतात, मग सुई काढून घेतात आणि नुसती प्लास्टिकची बारीक नळी आत राहते. तिला कॅन्युला म्हणतात. काढलेली सुई मी स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली, कारण सुया टाकायचा डबा दवाखान्यात होता, गाडीत नव्हता. पुढे गतिरोधकावर गाडी उडाली आणि ट्रे खाली गेला. माझे दोन्ही हात पेशंटच्या मांडीवर दाबलेले होते. त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचवलं आणि परत आलो.

"रावसाहेब, ही सुई इथं कुणी खोचली?" मी आमच्या ड्रायव्हरना विचारलं.

"मीच की. पेशंट उतरीवताना दिसली खाली. कुनाच्या पायात घुसंल म्हनून लावली नीट." मग त्यांनी माझं बोट पाहिलं. "लागली का काय?"

"लागली."

"अरारा. दाबा, दाबा, रक्त काढा भाईर. न्हाईतर तोंडात धरा बोट."

"तोंडात तुम्ही तंबाखू धरा. नळ सोडा आणि साबण आणा."

हे आधी सांगून ठेवते. सुई टोचली की बोट पिळायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट, डेटॉल, हळद, चुना काहीही लावायचं नाही. त्यानं जखम जास्त चिघळते आणि विषाणूला वाट सोपी होते. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, बस. रक्त डोळ्यात उडालं तर डोळा नुसत्या पाण्यानं भरपूर धुवायचा.

मी धूत होते आणि रावसाहेब शेजारी उभे राहून सांगत होते, "आमची आय सुई कदी इकडंतिकडं टाकीत न्हवती. काम झालं की गादीत खोचायची, न्हाईतर कॅलेंडरात. आमाला तीच सवय."

मला रागावता येईना. आपल्याकडे घरोघरी हेच करतात. सुई मोकळी पडू द्यायची नाही, कुठेतरी खोचून ठेवायची. रावसाहेबांनी कुणाच्या तरी पायाची काळजी घेतली होती. फक्त घरातल्या सुईला दोरा असतो आणि या सुईत रक्त होतं, एवढाच फरक कुणी त्यांना कधी सांगितला नव्हता.

"चला, गाडी काढा," मी म्हणाले.

"झोपा मागं."

"बोटाला लागलंय, कंबरेला नाही."

मी पुढे बसले. त्यांनी सायरन लावला. मी बंद करायला सांगितला तर म्हणाले, "का? पेशंट हाय ना गाडीत." कालव्याचा पूल येईपर्यंत त्यांनी तो बंद केला नाही. खरं सांगते, मला घाबरायला झालं नाही, उलट जोर चढला. आग लागल्यावर बादल्या भरताना अंगात येतं तसलं काहीतरी. रोज दुसऱ्याच्या वेळेशी शर्यत लावायची, आज स्वतःच्या वेळेशी लावली होती.

पहाटे पेशंटला पोचवलं होतं त्याच शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आलो. तिथल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी विचारलं, किती वेळ झाला. मी म्हणाले, तासही झालेला नाही. "उत्तम. तुम्ही निम्मं काम करून आला आहात," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं ते असं. रक्तातून पसरणारे मुख्य विषाणू तीन: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी. दोन्ही हिपॅटायटिस म्हणजे यकृताच्या काविळी. सुईतून सगळ्यात सहज पसरते ती बी, पण तिची लस आहे. सीची लस नाही, पण आता गोळ्यांनी ती बरी होते. एचआयव्ही सुईतून त्यामानानं अवघड पसरतो. बाधित रक्ताची सुई हजार जणांना टोचली तर तिघांना होतो. "पण त्या तिघांत तुम्हाला बसवायचं नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून पीईपी."

पीईपी म्हणजे पोस्ट एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस. विषाणू अंगात शिरल्याची शंका आली की त्यानं बस्तान बसवण्याआधी घ्यायचं औषध. जितकं लवकर तितकं बरं, दोन तासांत सुरू झालं तर सर्वात चांगलं. तीन दिवस उलटले की त्याचा उपयोग नाही. रोज एक गोळी, अठ्ठावीस दिवस.

"आणि पेशंटची तपासणी?" मी विचारलं.

"त्यांना भूल दिली आहे, पायाचं ऑपरेशन चालू आहे. त्यांच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही. कायदा आहे, आणि योग्य आहे. ते शुद्धीवर आले की विचारू. आपण थांबायचं नाही."

माझं रक्त घेतलं. आज माझ्यात काही नाही याची ती नोंद, म्हणजे पुढच्या तपासण्या कशाशी ताडायच्या ते ठरतं. गोळ्या भांडारातून यायच्या होत्या. मी बाहेर बाकावर बसले. तिकडे रावसाहेब पाण्याच्या टाकीजवळ उभे राहून चार अनोळखी लोकांना सगळी हकिगत ऐकवत होते.

त्या चारांतली एक बाई माझ्याकडे आली. तिशीची असेल. ती आमच्या पेशंटची बायको. पुढचं लिहिण्याआधी तिची आणि तिच्या नवऱ्याची परवानगी घेतली आहे. तिचं गाव, बाजार, ती काय विकते, हे सगळं बदललेलं आहे. शोधत बसू नये.

"सिस्टर, जरा तिकडं या."

आम्ही जिन्याखाली गेलो.

"ते डायवरदादा सांगत्यात, तुमाला सुई लागली. आमच्या ह्यांचीच का?"

"हो. पण तुम्ही त्यांच्याकडे बघा, ऑपरेशन..."

"तुमी गोळी घेतली का?"

"भांडारातून येते आहे. का?" मी विचारलं.

"ह्यांची चालू हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "पाच वरसं झाली. एक दिस चुकू देत न्हाई मी. मागच्या तपासनीला डॉक्टर म्हनले, रक्तात इषाणू सापडतच न्हाई. तरी तुमी घ्या. ह्यांच्या तपासनीची वाट बगत बसू नका."

"त्यांना न विचारता सांगितलंत?"

"शुद्धीत असते तर त्यांनीच सांगितलं असतं. त्यांनीच मला लगीन ठरताना सांगितलं हुतं, समद्यांच्या आधी." मग तिनं पदर तोंडाशी धरला. "पर गावात कुनाला ठावं न्हाई. सासूला बी न्हाई. मी बाजारात भाजी इकते, सिस्टर. कळलं तर माज्या हातची जुडी कोन घेईल?"

"माझ्याकडून कळणार नाही."

"डायवरदादा लई बोलत्यात."

"त्यांनाही कळणार नाही."

मी तिला घेऊन मॅडमकडे गेले आणि तिनं स्वतःच त्यांना सांगितलं. मॅडमनी तिचे आभार मानले, अगदी उभं राहून. मला म्हणाल्या, "व्हायरल लोड, म्हणजे रक्तातली विषाणूंची संख्या. नियमित गोळ्यांनी ती मोजता येणार नाही इतकी खाली जाते. यांच्या नवऱ्याची गेली आहे. तुमचा धोका त्यामुळे फार कमी झाला. शून्य आहे असं मी म्हणणार नाही. गोळी सुरू करायची." मी तिथेच, त्यांच्या टेबलावरच्या बाटलीतल्या पाण्यानं पहिली गोळी गिळली. ती बाई बघत होती. गोळी खाली गेल्यावरच ती ऑपरेशन थिएटरच्या दाराशी परत गेली.

परतीच्या वाटेवर रावसाहेबांना राहवेना.

"काय म्हनत हुती ती बाई, बाजूला घेऊन?"

"नवऱ्याच्या ऑपरेशनचं विचारत होती."

"येवढा येळ?"

"पाय मोडलाय, नख नाही. समोर बघून चालवा."

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "सिस्टर, मला बी काय हुईल का? मी तर हातानं धरली हुती."

गाडी बाजूला घ्यायला लावून मी त्यांचे दोन्ही हात तपासले. कुठे चीर नाही, फोड नाही. धड कातडीवर रक्त लागलं तर धोका नसतो, धुऊन टाकायचं. पण विचारलं तर काविळीची लस त्यांनी कधीच घेतलेली नव्हती.

"का?"

"सुईची भीती वाटती."

"दुसऱ्याला लावताना नाही वाटली."

"गादीला लावली, मानसाला न्हाई," ते म्हणाले आणि लगेच वरमले.

संध्याकाळी गोठ्यात जाऊन मी यजमानांना सांगितलं. ते म्हशीची धार काढत होते. हात थांबला.

"मग आता ताट-वाटी..."

"एकच. जेवणानं, अंघोळीनं, एका अंथरुणानं काही होत नाही. रक्तदान करायचं नाही, आणि तीन महिने निरोध वापरायचा."

"या वयात?"

"या वयात."

"मेडिकलवाला वळखीचा हाय."

"दवाखान्यात मिळतात. घेऊन आलेय."

त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "तुझी मालकीन बग, सगळी तयारी करून येती," असं तिला म्हणाले आणि पुन्हा धार सुरू झाली. पण तो पेशंट कोण, त्याला काय होतं, हे त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं नाही. त्यांना ते लागलं. चार दिवस जरा घुश्शात होते. पुढे कारखान्यातही प्रत्येकानं तेच विचारलं, अगदी साहेबांनीसुद्धा. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: माझ्या बोटाचं विचारा, सांगते.

माझ्या रक्तातला हिपॅटायटिस बीचा अँटीबॉडी टायटर, म्हणजे जुन्या लसीनं तयार झालेलं संरक्षण अजून किती शिल्लक आहे याचं माप, ते भरपूर निघालं. पेशंट शुद्धीवर आल्यावर त्यानं संमती दिली, आणि त्याला बी-सी दोन्ही काविळी नव्हत्या. उरला फक्त एचआयव्ही.

गोळीनं पहिला आठवडा मळमळलं. कारखान्याचा मळीचा वास एरवी मला येतसुद्धा नाही, तो आता गेटपासूनच पोटात ढवळायला लागला. झोप तुटक झाली, स्वप्नं रंगीत पडायची. गोळी जेवणानंतर घ्यायला लागले तसं बरं वाटलं. तुमच्यावर अशी वेळ आली आणि गोळी नकोशी झाली तर डॉक्टरांना विचारा, परस्पर सोडू नका.

आणि मला चेव आला. तो या सगळ्यातला सर्वात चांगला भाग. सुई टोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आणि रावसाहेबांनी त्या गादीचं कव्हर उसवलं. हातमोज्यांवर जाड कातडी मोजे घालून, चिमट्यानं, शिवण-शिवण उलगडत गेलो. फोममध्ये आणखी एक सुई निघाली. गंजलेली, कधीची कुणास ठाऊक. रावसाहेबांनी स्वतःच गादीची उरलेली कड उसवायला घेतली.

ती सुई काढून डब्यात टाकली आणि उसवलेली गादी आम्ही दोघांनी उचलून कामगार कल्याण अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवली.

"हे काय, सिस्टर?"

"गाडीत सुयांसाठी डबा बसवायचा आहे. कठीण प्लास्टिकचा, सुई आरपार जाणार नाही असा."

"इतकी वर्षं डब्याशिवाय चाललंच की."

"मग या गादीच्या कडेनं एकदा हात फिरवा."

साहेबांनी गादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात टेबलाखाली घेतला. "किती डबे पाहिजेत?" त्यांनी विचारलं.

वर्कशॉपच्या फिटरनं गाडीच्या आतल्या बाजूला लोखंडी कडी वेल्ड करून दिली. डबा कुठे बसवायचा हे ठरवायला मी अर्धा दिवस गाडीत गुडघ्यावर बसून काढला. पेशंटला सुई लावून झाल्यावर, मान न वळवता, माझा उजवा हात आपोआप जिथे जातो, तिथेच डबा पाहिजे. हातभर लांब असेल तर घाईत कुणी टाकणार नाही, पुन्हा गादीच दिसेल. अशा सुयाही मागवल्या ज्यांचं टोक काढल्याबरोबर आपोआप झाकलं जातं. सुईला पुन्हा टोपण घालायचं नाही, हा नियम झाला. बहुतेक सुया टोपण घालतानाच टोचतात.

मग लोक. आमच्याकडे अपघात झाला की पहिला धावतो गेटवरचा वॉचमन, आणि तो खांद्यावरचा टॉवेल काढून उघड्या हातानं जखम बांधतो. चांगलं करतो, पण उघड्या हातानं. मी वॉचमन, बंबवाले, क्रेनवाले सगळे कँटीनमध्ये जमवले, प्रत्येकाला हातमोजे घालायला लावले आणि मोज्यांवर कुंकवाचं पाणी ओतलं. म्हटलं, आता मोजे काढा, अंगाला थेंब लागता कामा नये. कुणाचं मनगट लाल, कुणाचा शर्ट, एकाचं तर कपाळ.

"बाई, ह्याला मळवट भरला की," क्रेनवाला म्हणाला.

"ते कुंकू होतं म्हणून हसताय," मी म्हणाले. "पुन्हा घाला मोजे."

चौथ्यांदा केलं तेव्हा सगळे कोरडे निघाले. मोजा मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा काढायचा, दुसरा आतल्या बाजूनं बोट घालून. एवढंच आहे ते.

लसीच्या दिवशी एक वॉचमन मागे रेंगाळला. "सिस्टर, आमाला कावीळ न्हाई तर टोचायचं कशाला?" मी काही बोलायच्या आत रावसाहेब पुढे झाले, बाही वर केली, डोळे गच्च मिटले आणि म्हणाले, "न्हाई म्हनूनच टोचायचं. आल्यावर टोचून काय उपेग. टोचा, सिस्टर, लवकर टोचा, न्हाईतर मी पळतो." मी टोचलं. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "झालं? एवढंच?" मागची रांग हसली आणि सरकली.

दीड महिन्यानं तपासणी झाली. काही निघालं नाही. तरी मॅडम म्हणाल्या, तीन महिन्यांची होईपर्यंत आपण टाळ्या वाजवायच्या नाहीत. मी वाजवल्या नाहीत, पण पावलं हलकी पडायला लागली होती.

एप्रिलात कारखान्याचं गळीत संपलं, उसाच्या ट्रॉल्या थांबल्या, रस्ते मोकळे झाले. शेवटच्या तपासणीला मी एकटी गेले. रिपोर्टची वाट बघत त्याच बाकावर बसले. समोर बंबवाल्यांच्या गणवेशातला एक माणूस बोटाला रुमाल गुंडाळून उभा होता. मी उठून विचारलं, सुई की काच? काच, म्हणाला, अपघातातल्या गाडीची. रुमाल सोडायला लावला, नळाकडे नेलं, साबणानं धुवायला लावलं आणि मॅडमच्या दारात उभं केलं. "तुमच्या आधी याला घ्या," मी म्हणाले.

त्याला तपासून झाल्यावर मॅडमनी माझा कागद पुढे केला. नॉन रिॲक्टिव्ह. म्हणजे विषाणूचा मागमूस नाही. "आता वाजवा टाळ्या," त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात हातात घेऊन जोरात दाबला. बाहेर येऊन यजमानांना फोन केला. ते पलीकडून म्हणाले, "आज मी सैपाक करतो," आणि खरंच केला. पिठलं गुठळ्यांचं झालं होतं. दोघांनी चाटून-पुसून खाल्लं.

त्या बाईचा नंबर मी कधी घेतला नव्हता. मुद्दामच. पण तिनं आपलं झाकलेलं माझ्यासाठी उघडं केलं होतं, आणि त्यातून माझं काय झालं हे तिला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणवेशाऐवजी साडी नेसून, स्कूटीवरून तिच्या बाजाराला गेले; गाव अँब्युलन्सच्या नोंदवहीत होतं. ती पोत्यावर मेथीच्या जुड्या मांडत होती. मला पाहिलं आणि हात तसाच राहिला.

"दादांचा पाय कसा आहे?" मी विचारलं.

"चालत्यात आता. काठी सोडली."

"माझा रिपोर्ट आला काल. चांगला आला."

तिनं मान खाली घातली. शेजारी लसूण घेऊन बसलेल्या म्हातारीनं मान पुढे काढली. "कसला वो रिपोर्ट, बाई?"

"थायरॉइडचा," माझ्या आधी तीच म्हणाली. "सिस्टर हायती त्या. ह्यांचा अपघात झाला तवा सिस्टरनीच गाडीत घालून न्हेलं."

"आगं मग वरच्या सुकलेल्या काय देती त्यांना? खालच्या काढ."

तिनं ओलं पोतं उचललं आणि खालच्या जुड्या एकेक करून निवडायला लागली, मुळं झटकून, पिवळं पान खुडून. मी पिशवीचं तोंड धरून उभी होते. पिशवी भरली तरी ती निवडतच होती. शेवटी मीच म्हणाले, "बास आता. आम्ही घरात दोघंच आहोत."